भेटण्याची निमित्तं

देशोदेशीच्या माणसांना एक शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात. दहाव्या, सगळ्यांत वरच्या पायरीवर आपल्या कल्पनेतलं उत्तमात उत्तम आयुष्य. तळाशी, शून्यावर, वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची ही शिडी वापरून २०१२पासून जागतिक सुखाचा अहवाल निघतो आणि भारत कितवा आला याची दरवेळी बातमी होते. त्याच सर्वेक्षणातला आणखी एक प्रश्न मात्र बातमीत सहसा येत नाही. तुम्ही अडचणीत सापडलात तर हवं तेव्हा मदतीला येतील असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का? उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं. देशादेशांच्या सुखात फरक का पडतो हे उलगडताना उत्पन्न आणि आयुर्मान यांच्या जोडीला या हो-नाहीचं वजन फार मोठं निघतं.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर हा प्रश्न विचारला तर तो लगेच गाडीवर येऊन ठेपतो. रात्री दोन वाजता म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, तर बांबोळीच्या इस्पितळात कोणाच्या गाडीतून न्यायचं? गाडी कोण चालवील, म्हातारीपाशी कोण थांबेल, सकाळी गुरांना चारा कोण घालील? रुग्णवाहिकेला फोन सगळेच करतात. तरीही ही तीन-चार नावं ज्याला न अडखळता सांगता येतात तो माणूस श्रीमंत, असं मी मानतो. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या राज्यांच्या अगदी वरच्या रांगेत आहे, पण त्या आकड्यातून ही नावं कळत नाहीत.

नावं येतात कुठून? जिव्हाळा असला की माणसं एकमेकांना भेटतात, असं आपण धरून चालतो. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांकडे पाहताना मला क्रम उलटा दिसतो. आधी भेट ठरलेली असते. सणाच्या, तिथीच्या, बाजाराच्या वाराच्या हिशेबाने ती ठरते, मनात असो वा नसो जावं लागतं, आणि अशा कित्येक भेटींच्या पोटी जिव्हाळा जन्माला येतो. म्हणून सुखाची चौकशी करायची तर माणसांच्या स्वभावाआधी त्यांच्या भेटण्याच्या निमित्तांची करावी.

हे तालुके पोर्तुगिजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस घेतलेल्या नव्या काबिजादीतले. २०११च्या जनगणनेत पेडण्याची वस्ती सुमारे पाऊण लाख, डिचोलीची लाखाच्या किंचित आत. पेडण्याच्या मुली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. डिचोलीची सोयरीक दोडामार्गाशी. घरात कोकणी, भजनात आणि आरतीत मराठी. राज्याची हद्द मधून गेली तरी दशावतारी मंडळी दोन्हीकडच्या जत्रांना नाटक करतात आणि एकाच घरातली माणसं दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत सापडतात.

अशा भेटींतून मिळणाऱ्या सोबतीचा आरोग्याशी संबंध आहे हे आता केवळ म्हाताऱ्यांचं सांगणं राहिलेलं नाही. अमेरिकेत १९३८ साली हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांवर सुरू झालेला अभ्यास पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या अभ्यासाला जोडला गेला, आणि तो आजही त्यांच्या मुलाबाळांपर्यंत चालू आहे. सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होतं ते ऐंशीत जास्त धडधाकट राहिले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून ते भाकीत तितकं नेमकं करता आलं नाही. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या आलमेडा परगण्यातल्या सुमारे सात हजार प्रौढांचा नऊ वर्षांचा हिशेब १९७९ साली मांडला. ज्यांना जोडीदार, मित्र, नातलग, मंडळं यांपैकी फारसं काही नव्हतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. धूम्रपान, दारू, आधीचं आजारपण हे सगळं जमेस धरूनही फरक उरला. २०१० साली ज्युलियन होल्ट-लनस्टॅड यांनी असे १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांहून जास्त माणसं, एकत्र तपासली आणि भक्कम नाती असलेल्यांची तगून राहण्याची शक्यता सुमारे दीडपट असल्याचं दाखवलं.

हे शरीरात घडतं कसं, याची एक साधी चाचणी जेम्स कोन यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि विजेचा हलका धक्का बसू शकतो अशी सूचना दिली. एकट्या असताना मेंदूतली धोक्याची केंद्रं जोरात पेटली. अनोळखी माणसाचा हात हातात असताना थोडी निवळली, नवऱ्याचा हात धरल्यावर आणखी निवळली, आणि ज्यांचा संसार समाधानाचा होता त्यांच्यात सर्वांत जास्त. एकटा माणूस सगळं संकट स्वतःच्या खांद्यावर मोजतो. वर्षानुवर्षं तसं मोजत राहिलं की ताणाची रसायनं रक्तात रेंगाळतात, रक्तदाब चढा राहतो, झोप तुटते. रात्रीच्या गाडीची ती नावं वर्षात एकदाही वापरावी लागली नाहीत तरी ती असल्यामुळे माणूस शांत झोपतो.

आता चवथीकडे येऊ, कारण निमित्त म्हणजे काय हे तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसतं.

चवथीच्या दिवसांत संध्याकाळ कलली की वाड्याच्या एका टोकाच्या घरात पोरं आणि बाप्ये जमतात. एकाच्या गळ्यात घुमट, दुसऱ्याकडे शामेळ हे चर्मवाद्य, एखाद्या शाळकरी मुलाच्या हातात कासाळं, म्हणजे झांजा. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडावर चामडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं; घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचं आलं, आणि २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. गणपतीच्या वर माटोळी टांगलेली असते: नारळ, सुपारीचा घड, आंबाडे, चिबूड, रानातली लाल-पिवळी कांगलं. कांगलं कोणत्या डोंगराच्या कुशीत मिळतात हे ठाऊक असणारा एखादाच असतो, आणि त्याच्यामागून चार पोरं रानात गेल्याशिवाय ती माटोळीला लागत नाहीत. आरत्या सुरू होतात. एकामागून एक, लय चढत जाते, शेवटी घुमट एवढं घुमतं की बोललेलं ऐकू येत नाही. मग गाऱ्हाणं, मग प्रसाद, नेवरी, उसळ, कपभर चहा. आणि सगळा ताफा शेजारच्या घरात.

यात महत्त्वाचं काय, तर घर गाळता येत नाही. बांधावरून ज्याच्याशी वाद चालला आहे त्याचंही घर ओळीत येतं. तिथेही घुमट तितक्याच जोरात वाजतं, तिथलीही नेवरी खावी लागते, आणि यजमानाला हसून पाणी द्यावं लागतं. वाद त्या रात्री मिटतोच असं नाही. पण बोलणं पूर्ण तुटत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचंच असतं. मुंबईत, पुण्यात, आखातात, जहाजावर असलेले चवथीला रजा काढून येतात ते बहुतेक वेळा एकाच मूळ घरात, जिथे सगळ्या भावकीचा मिळून एक गणपती असतो. वर्षभर ज्या चुलतभावाला फोन केला नाही त्याच्या शेजारी जमिनीवर झोपावं लागतं. मूळ घराचं छप्पर कोणी शाकारायचं यावरून कुरबूर होते, पण त्या कुरबुरीलाही सगळे हजर असतात.

एकत्र गाण्याचा परिणाम ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मोजला आहे. आयलुनेड पिअर्स, जॅक लोने आणि रॉबिन डनबार यांनी प्रौढांसाठी भरणारे वर्ग सात महिने पाहिले. काहींत गाणं होतं, काहींत हस्तकला, काहींत सर्जनशील लेखन. गाणाऱ्या गटांतली माणसं एकमेकांच्या फार लवकर जवळ आली. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा गाण्याचं खूप कौतुक झालं. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: सात महिन्यांच्या शेवटी बाकीचे वर्गही तितकेच जवळ आलेले होते. गाण्याने वेळ वाचतो, पण खरं काम नेमाने भेटण्याने होतं.

भजनी सप्ताहात याच्याही पुढची एक गोष्ट असते. सात दिवस भजन अखंड चालायचं, म्हणून प्रहर वाटून घेतलेले असतात. अमक्या वाड्याकडे रात्री दोन ते चार. त्या वेळी गाणारे चारच असले तरी ते यावेच लागतात; नाही आले तर भजन खंडित होतं आणि सगळ्या गावाला ते कळतं. सुखाबद्दलच्या लेखनात आपल्यावर कोणाचं प्रेम आहे का, यावर फार भर दिसतो. आपलं कोणाला काम आहे का, हा प्रश्न माझ्या मते त्याहून खोल जातो. निवृत्त झालेल्या, मुलं परगावी गेलेल्या माणसाला पहाटे दोन वाजता कोणीतरी पखवाजावर हवं आहे, ही जाणीव औषधासारखी लागू पडते.

बायकांचं निमित्त वेगळं होतं. पौषातल्या चांदण्या रात्री धालो: शेणाने सारवलेल्या मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, हात गुंफून पुढे झुकायचं, मागे सरायचं, एका रांगेने म्हटलेलं दुसरीने उचलायचं. पाच, सात, नऊ अशा रात्री. पुरुषांना तिथे जागा नाही. सिंधुदुर्गातून नुकती लग्न होऊन आलेली, पाण्याच्या वाटेपलीकडे कोणाला न ओळखणारी सून त्या रांगेत उभी राहिली की दोन्ही बाजूंचे हात तिच्या हातात असतात. सासरचा जाच, माहेरची ओढ, सवतीची भीती, हे सगळं गाण्यातून मोठ्याने म्हणता येतं आणि कोणीही त्याचा अर्थ कोणा एकीच्या घराशी जोडत नाही. नव्या सुनेला गावात माणसं मिळवून देणारी इतकी चोख व्यवस्था मला दुसरी ठाऊक नाही. आता धालो आणि फुगडी रंगमंचावर, स्पर्धांत दिसतात. कला टिकली याचा आनंद आहेच. पण मांडावर प्रेक्षक कोणीच नसतं, सगळ्याच रांगेत असतात. मंचावर बाराजणी निवडल्या जातात आणि बाकीच्या खुर्च्यांवर बसतात. पाय न लागणाऱ्या, आवाज न लागणाऱ्या बाईला मांडावर जी जागा होती ती तिथे उरत नाही.

डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. वैशाख शुद्ध पंचमीची ही जत्रा. त्याआधीचे काही दिवस देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, घर सोडून गावोगावच्या तळीपाशी, झरीपाशी मांडव घालून एकत्र राहतात. स्वतः रांधतात, सोवळ्याने राहतात, वाहत्या पाण्यात न्हातात. हातात रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याचे कळे. कारखान्यात काम करणारा, बँकेत बसणारा, टॅक्सी चालवणारा, वेगवेगळ्या जातींचे, एकाच चुलीवरचं जेवतात आणि एकाच चटईवर झोपतात. एरवी हे लोक एकमेकांच्या घरी जेवायला गेले असते का, याची मला खात्री नाही. जत्रेच्या उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून धोंड चालत जातात.

निखाऱ्यांवर चालण्याचा स्पेनमध्ये एक लक्षणीय अभ्यास झाला आहे. सान पेद्रो मानरिके नावाच्या खेड्यात जूनमध्ये, संत जॉनच्या आदल्या रात्री, लोक पाठीवर माणूस घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. इव्हाना कोन्वालिंका, दिमित्रिस झिगालाटास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला नाडी मोजणारे पट्टे बांधले. चालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके जसे चढत-उतरत गेले तसेच, कडेला स्थिर उभ्या असलेल्या त्याच्या आप्तांचे आणि मित्रांचेही गेले. पाहुणे म्हणून आलेल्या परक्यांचे गेले नाहीत. दृश्य एकच, आग एकच, आवाज एकच. ज्याचं माणूस आगीत होतं त्याच्याच काळजाने साथ दिली. २०११ साली छापलेला हा निष्कर्ष शिरगावला वाचला तर धोंडाच्या आईला त्यात नवं काही वाटणार नाही.

गर्दी म्हणजे सोबत नव्हे, हेही शिरगावच्या जत्रेनेच दुःखद रीतीने दाखवलं. २०२५ साली ३ मेच्या पहाटे त्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. तळीवर पंधरा-वीस धोंड एकत्र राहतात तेव्हा प्रत्येकाचा डोळा प्रत्येकावर असतो. अरुंद वाटेवर हजारो माणसं अंगाला अंग लावून चालतात तेव्हा पुढचा पडला हे मागच्याला कळतही नाही. उत्सव वाढवताना वाटेच्या रुंदीबरोबर आपण लहान गटांचाही विचार करायला हवा.

लईराईची आणखी एक आठवण ठेवण्यासारखी आहे. लोककथा तिला सात बहिणींपैकी एक मानते. मोरजीची मोरजाई, मयेची महामाया या तिच्या बहिणी, आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीणसुद्धा. देवीकडून तेल आणि सायबिणीकडून फुलं जातात असं सांगतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदूंची रांग मोठी असते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी नात्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत: आपल्यासारख्यांना घट्ट बांधणारी आणि आपल्यापेक्षा वेगळ्यांकडे पूल टाकणारी. पहिल्यांनी आधार मिळतो, दुसऱ्यांनी गावात शांतता राहते. दोन धर्मांच्या देवतांना सख्ख्या बहिणी करून ठेवणाऱ्या पूर्वजांना हे पुस्तकाशिवाय कळलेलं होतं.

घट्ट नात्यांइतकंच सैल ओळखींनाही महत्त्व असतं. पहाटे सायकलच्या भोंग्यावर पाव घेऊन येणारा पोदेर, दारात मासळीची टोपली उतरवणारी नुस्तेकान्न, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात ठरावीक जागी बसणारी भाजीवाली, म्हापशाच्या बसचा कंडक्टर. यांच्यापैकी कोणी आपल्या लग्नाला येत नाही. तरी पोदेर दोन दिवस उंडे घेतले नाहीत तर विचारतो, आणि नुस्तेकान्न कालच्या दारातली बातमी आजच्या दारात पोचवते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॉफीच्या दुकानात जाणाऱ्यांपैकी काहींना काउंटरवरच्या माणसाशी हसून दोन शब्द बोलायला सांगितलं, काहींना काम झटपट उरकायला. बोललेल्यांना नंतर जास्त बरं वाटलं, आपण इथले आहोत असं वाटलं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी तर १९७३ सालीच दाखवलं होतं की नोकरीची बातमी बहुतेकदा जिवलग मित्राकडून मिळत नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळते. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. घरपोच मागवण्याच्या सोयीने आपला वेळ वाचतो आणि अशा पाच-सहा ओळखी नकळत जातात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दिवसभरातलं सगळं बोलणं याच पाच-सहा जणांशी होत असतं.

निमित्तं तुटली की काय होतं, हे डिचोलीने खाणीच्या बाबतीत अनुभवलं. २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं लोहखनिजाचं काम थांबवलं. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. मग ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्याला काम पुन्हा बंद पडलं. पुढे लिलाव झाले, काही ठिकाणी खाणी सुरू झाल्या, पण जुना पसारा परतला नाही. ट्रकांचे हप्ते, बार्जवरची नोकरी, बंद गॅरेज यांची खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या काळात आणखी काहीतरी गेलं होतं. वजनकाट्यापाशी ट्रकांच्या रांगेत उभं राहून होणाऱ्या गप्पा, गॅरेजच्या बाकड्यावरचा चहा, पाळी संपल्यावर एकाच जीपमधून घरी येणं.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल नावाच्या वस्तीत असंच घडलं होतं. तिथली एकमेव कापडगिरणी १९२९-३०मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्या वस्तीचा अभ्यास केला. १९३३ साली त्यांचं पुस्तक आलं. तोपर्यंत असा समज होता की बेकार माणसांकडे वेळ भरपूर, म्हणून ती एकत्र येतील, वाचतील, चळवळ करतील. प्रत्यक्षात ग्रंथालयाची फी माफ झाली तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. मंडळांतली हजेरी घटली. संशोधकांनी खिडकीतून घड्याळ लावून लोकांची चाल मोजली, तेव्हा पुरुष हळू चालत होते आणि पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका भराभरा जात होत्या, कारण स्वयंपाक, पोरं, धुणी ही कामं बंद पडलेली नव्हती. दुपारी काय केलं हे पुरुषांना संध्याकाळी सांगता येत नव्हतं. पगाराबरोबर दिवसाचा आकारच गेला, आणि आकार गेलेल्या दिवसात माणूस माणसाला भेटत नाही, नुसता कट्ट्यावर दिसतो. डिचोलीचा असा अभ्यास त्या वेळी व्हायला हवा होता.

खाणीच्या चांगल्या दिवसांतही सगळं आलबेल होतं असं मात्र कोणी समजू नये. लाल धुळीने माखलेल्या घरांनी आणि पावसाळ्यात गाळाने भरलेल्या शेतांनी भावाभावांत फूट पाडली. एकाचा ट्रक चालायचा, दुसऱ्याची विहीर आटायची. शिरगावसारख्या गावाला तर खड्ड्यांनी वेढलं. हातात पैसा आला आणि गावाच्या बैठकीत दोन तट पडले. दारातून ट्रक जाताना आपलं आणि परक्याचं काय हे धुळीने ठरवलं.

पेडण्याची गोष्ट आज वेगळ्या वळणावर आहे. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२मध्ये उद्घाटन होऊन पुढच्या जानेवारीत सुरू झाला. ज्या सड्यावर गुरं चरत होती तिथे धावपट्टी आली, तिथल्या धनगर कुटुंबांना हलावं लागलं. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल, केरी इथे जमिनींचे भाव असे वाढले की भावकीतल्या वाटण्या कोर्टात गेल्या. वाड्यात नवी, उंच कुंपणाची घरं उभी राहिली, त्यांतली कित्येक वर्षातले बहुतेक महिने बंद असतात. चवथीच्या आरतीचा ताफा त्यांच्या फाटकापाशी येतो आणि पुढे जातो. दुसरीकडे त्याच गावांत भाड्याच्या खोल्यांतून झारखंडचे, बिहारचे, नेपाळचे तरुण राहतात. ते हॉटेलांत रांधतात, बांधकामावर राबतात, आणि रात्री फोनच्या पडद्यावर घर बघतात. गाव त्यांना ‘भायले’ म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातला दर सहावा माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू त्याच्याशी जोडलेले आहेत. तरुणांत आणि गरीब देशांत प्रमाण जास्त आहे. हे वाचताना मला गावातल्या आजीपेक्षाही आधी त्या खोल्या आठवतात. आजीकडे निदान पोदेर थांबतो.

गावपणाच्या प्रेमात पडून त्याची काळी बाजू झाकता येणार नाही. मांडावर कोणी कुठे उभं राहायचं, देवाच्या तरंगाला कोणी हात लावायचा, पालखी कोणत्या वाड्यावरून वळवायची, हे जातीने आणि मानाने ठरत आलं. मानकऱ्यांच्या वादांत गोव्यातली किती देवळं आणि शिमगे बंद पडले हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे वाळीत टाकणं हे सर्वांत क्रूर शस्त्र ठरतं. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो यामुळेच. घरातही तेच. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी २००५ साली ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक जखमा करून त्या किती दिवसांत भरतात ते पाहिलं. एकमेकांशी कडवटपणे बोलणाऱ्यांच्या जखमा हळू भरल्या. नातं आहे एवढ्याने भागत नाही. ज्या नात्यात अपमान मुरलेला आहे ते शरीराला पोखरतं, आणि अशा वेळी गाव सोडून जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून जुनी निमित्तं जशीच्या तशी जपा असं मी म्हणणार नाही. त्यांचं दार रुंद करा, असं म्हणेन. आरतीच्या ताफ्याने भाड्याच्या खोलीसमोर पाच मिनिटं थांबायला, तिथल्या पोराच्या हातात कासाळं द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. मांडाची जागा पंचायतीच्या नकाशावर मांड म्हणून नोंदवून ठेवली तर उद्या तिथे गाड्यांचा तळ होणार नाही. शेवटची बस कीर्तन संपण्याआधी सुटत असेल तर ती अर्ध्या तासाने पुढे ढकलण्यासाठी अर्ज करता येतो. वेळापत्रकातला तो अर्धा तास दहा म्हाताऱ्यांच्या एका संध्याकाळीएवढा असतो.

एक नवं निमित्त मात्र आपल्या डोळ्यांसमोर घडतं आहे आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. महिलांची भजनी मंडळं. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पुरुष आणि बालकांबरोबर महिलांचा विभाग आहे, आणि गावोगाव बायका संवादिनी, पखवाज, टाळ शिकत आहेत. स्पर्धा वर्षातून एकदा. तालीम आठवड्यातून दोनदा. धालोच्या मांडाने जे केलं ते आता देवळाच्या सभामंडपातली तालीम करते, आणि इथे लेकीसुनांबरोबर शिक्षिका, अंगणवाडी सेविका, विधवा, भाडेकरू बाईही बसू शकते. पुरस्काराची ढाल मिळो न मिळो, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातला सगळ्या जमतात. अडचण येते ती साडेसातचीच. ती स्वयंपाकाची वेळ असते, मुलांच्या अभ्यासाची असते, आणि तालमीला न आलेल्या बाईचं कारण बहुतेकदा घरात सापडतं. मंडळ टिकावं असं ज्या घरातल्या पुरुषांना वाटतं त्यांनी त्या दोन संध्याकाळी भात लावायचा, हुमण गरम करायचं आणि पोरांना पाढे विचारायला बसायचं.